कुटुंबाच्या एसयूव्हीला पुढच्या काचांवर किती गडद फिल्म लावावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बऱ्याच एसयूव्हींच्या मागच्या काचा कंपनीतूनच काळ्या येतात आणि पुढच्या दोन मात्र साध्या असतात. मग ऊनही लागू नये आणि गाडीही एकसारखी दिसावी म्हणून फिल्म लावणाऱ्याला सांगितलं जातं, ‘मागच्याइतकंच गडद पुढेही करून द्या.’ हे सांगण्याआधी थोडं थांबा, एवढीच कळकळीची विनंती. खालची उत्तरं मुख्यतः ड्रायव्हरच्या आणि त्याच्या शेजारच्या दाराच्या काचेबद्दल आहेत. समोरच्या मोठ्या काचेचा विषय ओघात येईल.

५, २०, ३५, ५०, ७० हे आकडे नेमकं काय सांगतात?

डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापैकी किती टक्के उजेड आरपार जातो, ते. याला व्हीएलटी म्हणतात. आकडा जितका मोठा तितकी फिल्म फिकी. ७० म्हणजे जेमतेम जाणवेल अशी, ३५ म्हणजे बाहेरून स्पष्ट कळेल इतकी गडद, ५ म्हणजे जवळपास काळीकुट्ट.

इथे एक घोळ सारखा होतो. ‘सत्तर टक्के काळी करा’ असं कोणी म्हणालं तर ऐकणारा ३० ची फिल्म काढतो. म्हणून बोलताना ‘७० टक्के उजेड आत येऊ देणारी’ असं पूर्ण वाक्य वापरा. बिलावरही आकड्यापुढे व्हीएलटी लिहून घ्या.

७० ची फिल्म लावली की काच ७० टक्के झाली ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. गाडीची काच मुळात १०० टक्के पारदर्शक नसतेच. दाराच्या काचेला बहुधा हलकी हिरवट छटा असते आणि ती स्वतःच साधारण पाऊण ते चार पंचमांश उजेड आत सोडते. फिल्म त्यावर चढते, त्यामुळे दोन्हींचा गुणाकार करावा लागतो. काच ८० ची आणि फिल्म ७० ची असेल तर हाती ५६ येतात. त्याच काचेवर ५० ची फिल्म लावली तर ४०, ३५ ची लावली तर २८.

उलट हिशोबही करून पाहा. काच ७८ ची असेल आणि एकूण आकडा ७० च्या खाली जायला नको असेल, तर फिल्म जवळजवळ ९० ची लागते. इतक्या फिक्या फिल्म मिळतात, आणि पुढे सांगितल्याप्रमाणे त्या बिनकामाच्या नसतात.

फिल्म लावण्याआधी उघड्या काचेचा आकडा मीटरने मोजून घ्या. काम चांगलं करणाऱ्याकडे मीटर असतोच आणि मोजायला मिनिटभरही लागत नाही. तो मोजायला नको म्हणत असेल तर काम दुसरीकडे द्या.

मग मी कोणता आकडा निवडू?

माझं उत्तर सरळ आहे. कायद्याने जिथे ७० सांगितलंय तिथे प्रश्नच मिटला, जवळपास पारदर्शक अशी चांगल्या प्रतीची सिरॅमिक फिल्म (फारशी गडद न होता ऊन अडवणारी) घ्या. जिथे मोकळीक आहे तिथे कुटुंबाच्या गाडीच्या पुढच्या दारांना ५० ची फिल्म पुरेशी आहे. दिवसा डोळ्यांना आराम पडतो, चकाकी कमी होते आणि रात्री गाडी चालवताना फार अडचण येत नाही.

३५ चा विचार करायचा तर तीन गोष्टी एकत्र जुळायला हव्यात. कायदा परवानगी देतो, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाची रात्रीची नजर चांगली आहे आणि गाडी बहुतेक वेळ दिवे असलेल्या रस्त्यांवर फिरते. यातली एक जरी गोष्ट नसेल तर ५० वरच थांबा. २० किंवा त्याहून गडद फिल्म पुढच्या दारांना मी कोणालाही सुचवणार नाही, कायदा गप्प असला तरीही.

निवड करताना घरात गाडी चालवणाऱ्यांपैकी सगळ्यात कमजोर नजर कोणाची, हे आधी ठरवा. कुटुंबाची गाडी एकाच्या हातात राहत नाही. आज तुम्ही चालवता, उद्या बाबा चालवतील, दोन वर्षांनी नुकतंच लायसन्स मिळालेली मुलगी चालवेल. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली अंधारात पुरेशी मोठी होत नाही आणि आतलं भिंग पिवळसर होत जातं. साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. म्हणजे त्यांच्या डोळ्यांत निसर्गाने आधीच एक फिल्म बसवलेली आहे. त्यावर तुमची ३५ ची चढणार, हे लक्षात घेऊनच ठरवा.

कायदा काय म्हणतो?

जागा बदलली की आकडा बदलतो. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८५ पासून वापरात आलेल्या गाड्यांच्या समोरच्या काचेतून किमान ७५ टक्के आणि पुढच्या दारांच्या काचांतून किमान ७० टक्के उजेड यावा लागतो, मागच्या काचांना मर्यादा नाही. अमेरिकेत राज्यागणिक फरक आहे. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये पुढच्या दारांना ७०, फ्लोरिडात २८, टेक्सासमध्ये २५. कॅलिफोर्नियाचा नियम तर गुणाकाराचं भान ठेवून लिहिलाय. फिल्म स्वतः किमान ८८ ची हवी आणि काच व फिल्म मिळून ७० च्या खाली जायला नको. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक भागांत पुढच्या दारांना ३५ चालतं.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० वा नियम समोरच्या व मागच्या काचेसाठी ७० आणि बाजूच्या काचांसाठी ५० टक्के सांगतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून लावलेल्या फिल्मला सरसकट मनाई केली होती. पुढे नियमांत सुधारणा झाली आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच मर्यादेत बसणाऱ्या फिल्मला हरकत नसल्याचं म्हटलं. पण रस्त्यावर अडवणारा पोलीस मीटर घेऊनच येईल असं नाही, म्हणून भारतात तरी गडद फिल्मच्या वाटेला जाऊच नका.

ल्युपससारखे उन्हाने बळावणारे आजार असतील तर काही ठिकाणी डॉक्टरांच्या पत्रावर जास्त गडद फिल्मची परवानगी मिळते. ती आधी काढायची असते, दंडाची पावती हातात आल्यावर नव्हे.

मागच्या काचा कंपनीनेच इतक्या काळ्या दिल्यात, मग पुढच्यांना काय हरकत आहे?

कारण दोन्ही काचांची कामं वेगळी आहेत. मागच्या काचेतून ड्रायव्हर थेट फार कमी बघतो, आणि बाहेरचे आरसे असले की मागचं त्यात दिसतं. म्हणूनच अमेरिकेच्या केंद्रीय मानकात एसयूव्ही आणि व्हॅनच्या ड्रायव्हरमागच्या काचांना ७० टक्क्यांची अट नाही, पुढच्यांना मात्र आहे. कंपनी त्याच सवलतीचा फायदा घेते.

आणखी एक बारकावा आहे. कंपनीची काळी काच म्हणजे फिल्म नव्हे, तो काचेतच मिसळलेला रंग असतो. ती साधारण १५ ते २५ टक्के उजेड सोडते, पण ऊष्णता अडवण्यात चांगल्या सिरॅमिक फिल्मची बरोबरी करेलच असं नाही. दिसायला काळी म्हणजे आतून थंड, हा समज इथेच खोटा ठरतो. मागे बसलेल्या मुलांना ऊन टोचत असेल तर त्या काळ्या काचांवर आतून फिकी, उष्णता अडवणारी फिल्म लावा, तीही जिथे नियम परवानगी देतो तिथे. पुढच्या काचा काळ्या करून मागच्या मुलांना फारसा थंडावा मिळत नाही.

राहिला प्रश्न दिसण्याचा. पुढे ५० आणि मागे २० असा फरक उठून दिसेल अशी भीती असते, पण आतली सीटं आणि छत काळं असेल तर तीच फिल्म बाहेरून आणखी गडद वाटते आणि फरक बराच झाकला जातो. आकडा जुळवण्यापेक्षा रंगाची छटा जुळवा. मागची काच राखाडी आणि पुढची फिल्म निळसर असेल तर ते जास्त खटकतं.

रात्री खरंच इतका फरक पडतो का? दुकानात तर सगळं स्वच्छ दिसत होतं.

दुकानात दिवसाउजेडी बघितलं असणार. भरपूर उजेड असताना डोळे सहज जुळवून घेतात. उजेड निम्मा झाला तरी निम्मं दिसतं असं वाटत नाही, त्यामुळे ७० आणि ३५ मधला फरक किरकोळ वाटतो. अंधारात मात्र डोळ्यांकडे जुळवून घ्यायला काही शिल्लकच राहत नाही. काळे कपडे घातलेला माणूस आणि त्याच्या मागचा अंधार यांच्यात आधीच थोडासा फरक असतो, तो फिल्म गिळून टाकते.

‘पण मी समोर बघून चालवतो, बाजूची काच कशाला?’ असंही विचारतात. वळताना बघा. डावीकडे किंवा उजवीकडे वळण घेताना ज्या रस्त्यात शिरायचंय तो समोरच्या काचेत नसतो, तो दाराच्या काचेत असतो. रस्ता ओलांडणारा माणूस गाडीच्या समोरच्या काचेशेजारच्या खांबाआडून निघतो आणि थेट बाजूच्या काचेत येतो. एसयूव्हीचे हे खांब जाड असतात आणि बसायची जागा उंच, त्यामुळे दाराजवळचं लहान मूल किंवा सायकल आधीच कमी दिसते. बाहेरचे दोन्ही आरसेही आपण याच काचांतून बघतो. दाराची काच गडद केली की आरसेही तितकेच गडद झाले. रिव्हर्स कॅमेरा मागचं दाखवतो, बाजूच्या गल्लीतून येणारी दिवा नसलेली सायकल तो नेहमी पकडत नाही.

काच आणि फिल्म मिळून १६ वर आली, म्हणजे ८० च्या काचेवर २० ची फिल्म, तर आधीच्या उजेडाचा फक्त पाचवा भाग डोळ्यांपर्यंत पोचतो. पावसात, काचेवर थेंब असताना, त्या पाचव्या भागातलंही बरंच चकाकीत विरून जातं.

निवडण्याआधी तपासून कसं बघू?

नमुन्याचा तुकडा मागून घ्या. निदान वहीच्या पानाएवढा असावा, बोटभर पट्टीवरून काही कळत नाही. दिवस मावळल्यावर दिवे नसलेल्या जागी गाडी उभी करा, ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि तो तुकडा आतून काचेला लावून बाहेरचा आरसा बघा. मग तुकडा काढून पुन्हा बघा. शक्य असेल तर कुणाला गडद कपड्यांत गाडीच्या बाजूने चालायला सांगा. हीच चाचणी घरातल्या सगळ्यात वयस्कर चालकालाही करू द्या, आणि त्यांनी ‘नको’ म्हटलं तर वाद घालू नका. ओळखीच्या कोणाच्या गाडीला तीच फिल्म असेल तर रात्री तिच्यात बसून काच खाली-वर करून बघणं आणखी चांगलं.

जास्त गडद फिल्म लावली की गाडी जास्त थंड राहते ना?

एकाच प्रतीच्या दोन फिल्म असतील तर हो, काही प्रमाणात. पण वेगवेगळ्या प्रतींची तुलना केली की हे गणित मोडतं.

जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास भाग इन्फ्रारेड असतो, जो डोळ्यांना दिसतच नाही. दिसणारा उजेड साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के आणि अतिनील (यूव्ही) किरणं उरलेली थोडी. साधी रंगाची फिल्म मुख्यतः दिसणारा उजेड शोषते. म्हणजे ती रस्ता अंधुक करते आणि ऊष्णतेचा मोठा वाटा आत सोडते. सिरॅमिक फिल्म दिसणारा उजेड बऱ्यापैकी जाऊ देते आणि इन्फ्रारेड अडवते. त्यामुळे ७० ची चांगली सिरॅमिक ३५ च्या स्वस्त रंगीत फिल्मपेक्षा गाडी जास्त थंड ठेवू शकते. या सगळ्या विषयातली सर्वांत कामाची गोष्ट मला हीच वाटते: थंडाव्यासाठी पैसे फिल्मच्या प्रतीवर खर्च करा, अंधारावर नाही.

खरेदी करताना दोन आकडे ऐकू येतील. एक ‘इन्फ्रारेड ९५ टक्के अडवते’ असा. तो बऱ्याचदा इन्फ्रारेडच्या एका अरुंद पट्ट्यात मोजलेला असतो, म्हणून भारी दिसतो. दुसरा टीएसईआर, म्हणजे सूर्याची एकूण किती ऊर्जा रोखली जाते. तो लहान दिसतो पण खरा असतो. दोन फिल्म ताडून बघताना टीएसईआरच विचारा. आणि कोणी जवळपास पारदर्शक फिल्म दाखवून ‘ऐंशी टक्के ऊष्णता अडवते’ म्हणाला तर ते शक्यच नाही, कारण दिसणाऱ्या उजेडाबरोबर येणारी ऊर्जा ती फिल्म आत सोडतेच आहे.

एवढं मात्र ध्यानात असू द्या की एसयूव्हीत सर्वाधिक ऊन समोरच्या मोठ्या काचेतून येतं, आणि काचेचं छत असेल तर तिथूनही. पुढच्या दोन दारांवर कितीही उत्तम फिल्म लावली तरी उभ्या गाडीत समोर सनशेड लावायलाच हवं.

रंगाची, मेटलची, कार्बन, सिरॅमिक: काय घेऊ?

रंगाची स्वस्त असते, पण काही वर्षांत जांभळी पडते आणि फुगे धरते. मेटलची फिल्म ऊष्णता परावर्तित करते, मात्र जीपीएस, मोबाइल आणि टोलचा टॅग यांच्या सिग्नलला त्रास देऊ शकते. कार्बन मधल्या प्रतीची, रंग टिकवून धरणारी. पुढच्या काचांसाठी सिरॅमिक, कारण कमी गडदपणात ऊन अडवणं तिलाच सर्वांत चांगलं जमतं.

त्वचेसाठी गडद फिल्म लागते का?

नाही. अतिनील किरणांचा फिल्मच्या रंगाशी फारसा संबंध नसतो. चांगल्या प्रतीची जवळपास पारदर्शक फिल्मही ९९ टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं रोखते.

फिल्मची गरज मात्र खरी आहे. साधी काच त्वचा भाजणारी यूव्हीबी किरणं अडवते, पण खोलवर जाणारी यूव्हीए बाजूच्या काचेतून येतात. २०१६ मध्ये जामा ऑप्थॅल्मॉलॉजी या नियतकालिकात २९ गाड्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. समोरच्या काचा सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवत होत्या, कारण त्या दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर घालून बनवलेल्या असतात. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचांची सरासरी ७१ होती आणि त्यातही गाडीनुसार ४४ ते ९६ इतका फरक. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने एका ट्रकचालकाचं छायाचित्र छापलं होतं. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्याची खिडकीकडची बाजू सुरकुत्यांनी भरलेली आणि दुसरी त्या मानाने बरी होती.

रोज तासन्‌तास गाडी चालवणाऱ्याने यूव्ही रोखणारी फिल्म लावावी, असं मी ठामपणे म्हणेन. फक्त त्यासाठी काच काळी करायची गरज नाही.

फिल्म लावल्यावर मुलांना थोडा वेळ गाडीत बसवून ठेवलं तर चालेल?

नाही, अजिबात नाही. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सिअसने चढू शकतं आणि लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. फिल्ममुळे तापमान चढण्याचा वेग थोडा कमी होतो, धोका टळत नाही. काच खाली थोडी फट ठेवूनही फारसा उपयोग होत नाही. उलट गडद काचेमुळे आत मूल आहे हे बाहेरून जाणाऱ्याला दिसत नाही, म्हणजे मदत मिळण्याची शक्यताही कमी होते. गाडी लॉक करण्याआधी मागचं दार उघडून सीट बघायची सवय लावून घ्या.

बाहेरून आत दिसू नये म्हणून तरी गडद हवी ना?

मागे सामान असतं, तिथे हे पटतं. पुढे बसलेल्या माणसाला मात्र दिसावंच लागतं. चौकात पायी चालणारा ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतो की यानं मला पाहिलंय की नाही. तो चेहराच झाकला तर अंदाजाने पाऊल टाकायची वेळ त्याच्यावर येते. शिवाय रात्री आतला दिवा लागला की गडद काचेतूनही आतलं सगळं दिसतं, आणि तुम्हाला मात्र काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं.

समोरच्या मोठ्या काचेलाही लावू का?

गडद करण्यासाठी कधीच नाही. तिथे यूव्हीचं काम काच आधीच करते. ऊष्णतेसाठी अगदी पारदर्शक सिरॅमिक लावता येते, पण काच मुळात ७५ च्या आसपास असेल तर फिल्मनंतर ती मर्यादेखाली जाऊ शकते. काचेमागे कॅमेरा किंवा सेन्सर असेल तर ती जागा मोकळी सोडावी लागते. वरच्या कडेला सूर्यासाठी पट्टी लावायची असेल तर ती किती खाली यावी याचे नियम जवळपास सगळीकडे आहेत.

मागून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येतात, फिल्मने कमी होतील?

थोडे कमी होतील, पण त्याच हिशोबाने अंधारातला माणूसही कमी दिसेल. आपोआप मंद होणारे आरसे फक्त चकाकीपुरतेच काम करतात, तो उपाय चांगला.

फिल्म लावून आणली, आता काय काळजी घ्यायची?

तीन-चार दिवस पुढच्या काचा खाली घेऊ नका. स्विचवर कागदाची पट्टी चिकटवा, नाहीतर घरातलं कोणीतरी सवयीने बटण दाबतंच. सुरुवातीला पाण्याचे बारीक फुगे आणि धुरकटपणा दिसतो, तो दोन ते चार आठवड्यांत जातो, थंडीत जरा जास्त वेळ लागतो. न जाणारा, टोकदार किंवा आत कचरा अडकलेला फुगा असेल तर बसवणाऱ्याकडे परत जा. पुसायला मऊ मायक्रोफायबर कापड आणि सौम्य साबणाचं पाणी पुरे. अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका.

पहिले काही दिवस रात्री जरा हळू चालवा. डोळ्यांना नव्या काचेची सवय व्हायला वेळ लागतो.

लावल्यावर फार गडद वाटली तर?

काढता येते, आणि काढावीच. ‘होईल सवय’ म्हणून वर्षभर डोळे ताणत गाडी चालवू नका. वाफ किंवा गरम हवा देऊन फिल्म सोलतात आणि उरलेला गोंद सावकाश खरवडून काढतात. दाराच्या काचेवर हे काम सोपं आहे, कारण मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवणाऱ्या) तारांसारखं तिथे तुटण्याजोगं काही नसतं. नवी फिकी फिल्म लावण्याआधी दोन्ही दारांच्या उघड्या काचा पुन्हा मोजून घ्या. मधे कधी एखादी काच बदललेली असेल तर डाव्या-उजव्या बाजूचे आकडे वेगळे निघतात, आणि मग फिल्म कमी आकड्याच्या काचेचा हिशोब धरून निवडायची.